मनावरचे प्रयोग आणि दोनशे पत्रिका



मंडळाने मला विषय दिला तो 'मानसशास्त्रातील प्रयोगांचे प्रकार'. नंतर कार्यवाहांनी फोन करून हळूच सुचवलं, डॉक्टरसाहेब, फार पुस्तकी करू नका. पुस्तकी करायला मी मानसशास्त्राचा प्राध्यापक नाही, होमिओपॅथीची प्रॅक्टिस करणारा माणूस आहे. पण आमच्याकडे रोग्याच्या मनाची लक्षणं शरीराच्या लक्षणांइतकीच बारकाईने टिपून घ्यावी लागतात. अंधाराची भीती वाटते का, कुणी समजूत घातलेली आवडते का, रडू कशाने येतं. वर्षानुवर्षं हे विचारत बसलेल्या माणसाला एक शंका टाळता येत नाही. समोरच्याने सांगितलं ते त्याचं स्वतःचं, की मी ज्या सुरात विचारलं त्या सुराला दिलेलं उत्तर? मानसशास्त्रातले सगळे प्रयोग या शंकेशीच झटापट करत आलेले आहेत. म्हणून मी 'हो' म्हटलं.

पाठ्यपुस्तकात प्रकार एका पानात आटोपतात. माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एका गटाला काही द्यायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि फरक मोजायचा, हा प्रयोगशाळेतला प्रयोग. तेच शाळेत, बाजारात किंवा कारखान्यात जाऊन केलं तर क्षेत्रीय प्रयोग. गट आपल्याला पाडता येत नसतील, म्हणजे कोण थोरला आणि कोण धाकटा हे आधीच ठरलेलं असेल, तर अर्धप्रयोग. आणि भूकंप, पूर, दुष्काळ यांनीच माणसांचे गट पाडले आणि आपण नुसते वही घेऊन मागून गेलो, तर नैसर्गिक प्रयोग. परीक्षेला एवढं पुरतं. मला बोलायचंय ते या चारही प्रकारांत जी एक गोष्ट सांभाळावी लागते तिच्याबद्दल, आणि आपल्याच मराठी माणसांनी पुण्यात केलेल्या एका चाचणीबद्दल, जिच्याशी आपल्या उज्जैनचा संबंध मला फार जवळचा वाटतो.

दगडाचं वजन करताना दगडाला ठाऊक नसतं की आपलं वजन होतंय. माणसाला ठाऊक असतं. आणि वजन करणाराही माणूसच असतो. बर्लिनमध्ये १९०४च्या सुमारास हान्स नावाच्या घोड्याचा मोठा बोलबाला झाला. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ऑस्टेन हे निवृत्त गणितमास्तर. मास्तरांनी प्रश्न विचारायचा, घोड्याने खूर आपटून उत्तर द्यायचं. बेरीज, भागाकार, महिन्याची तारीख, सगळं बरोबर. जाणकारांची एक समिती बसली. तिला लबाडी सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दोनच साध्या गोष्टी केल्या. ज्याला स्वतःला उत्तर माहीत नाही अशा माणसाला प्रश्न विचारायला लावला, आणि घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावली. दोन्ही वेळा हान्सचं गणित बिघडलं. विचारणारा माणूस खुराकडे बघत किंचित पुढे वाकलेला असे, आणि बरोबर आकडा आला की त्याची मान नकळत वर होई. घोडा तेवढं वाचायचा. विचारणाऱ्याला आपण मान हलवतो हे ठाऊक नव्हतं, आणि मास्तरांना तर ते शेवटपर्यंत पटलं नाही.

यातून निघालेला नियम असा. उत्तर देणाऱ्याला खूण मिळता कामा नये, आणि प्रश्न विचारणाऱ्यालाही बरोबर उत्तर ठाऊक असता कामा नये. याला दुहेरी अंध चाचणी म्हणतात. मात्र ही युक्ती घोड्याच्या बरीच आधीची आहे, आणि तिचा एक फार जुना, नीटस नमुना माझ्याच धंद्यातला आहे.

१८३५ साली, म्हणजे हानेमान हयात असताना, जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग गावात वाद पेटला. आमच्या पंथातल्या रॉयटर नावाच्या डॉक्टरांनी जाहीर म्हटलं की साध्या मिठाचं तीसाव्या पोटेन्सीचं औषध निरोगी माणसाने घेतलं तरी त्याला काहीतरी जाणवेल, एकास दहा अशी पैज. विरोधकांनी पैज घेतली. गावातल्या एका खानावळवजा मद्यगृहात शंभराहून जास्त नागरिक जमले. शंभर बाटल्यांवर क्रमांक घालून त्या मिसळल्या आणि अर्ध्या-अर्ध्या केल्या. एका अर्ध्यात वितळलेल्या बर्फाचं शुद्ध केलेलं पाणी, दुसऱ्या अर्ध्यात मिठाची पोटेन्सी. कोणत्या क्रमांकात काय, याची यादी बंद पाकिटात. वाटणाऱ्यांना ठाऊक नाही, घेणाऱ्यांना ठाऊक नाही. तीन आठवड्यांनी ५० जणांनी आपला अनुभव कळवला. ४२ जणांना काहीच वाटलं नव्हतं. आठ जणांना काही वेगळं जाणवलं होतं. पाकीट उघडलं, तर त्या आठांतल्या पाच जणांनी मीठ घेतलेलं होतं आणि तिघांनी नुसतं पाणी.

हा निकाल माझ्या धंद्याला अनुकूल नाही, हे सांगायला नकोच. पण वैद्यकाच्या इतिहासात दुहेरी अंध चाचणीच्या अगदी पहिल्या उदाहरणांत तो धरला जातो, आणि प्रयोगांवर बोलायला उभं राहून आपल्या घरातला प्रयोग झाकून ठेवणं शोभत नाही. आमच्या बाजूने तेव्हाही आणि आजही आक्षेप आहे: होमिओपॅथीत औषध माणूस बघून निवडतात, सगळ्यांना एकच मीठ वाटणं ही आमची पद्धतच नव्हे. आक्षेप ऐकण्यासारखा आहे. पण रॉयटरांनी पैज लावली ती याच मिठावर, आणि लावली ती पाकीट उघडण्याआधी. हा मुद्दा ध्यानात ठेवा, तो पुढे पुन्हा लागणार आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी तुमच्यापैकी अनेकांनी चाखलेली असेल पण नाव माहीत नसेल. प्रत्येक होमिओपॅथच्या कपाटात एक बाटली असते, तिला आम्ही 'सॅक लॅक' म्हणतो. नुसती दुधाची साखर, औषध शून्य. एक डोस दिल्यावर त्याचं काम बघत थांबायचं असतं, पण रोग्याला रिकाम्या हाताने पाठवता येत नाही, म्हणून मधल्या दिवसांत ती देण्याची रीत आहे. आता विचार करा, नियंत्रित गटाला द्यायची ती बिनऔषधी गोळी आमच्याच फळीवर पिढ्यानपिढ्या बसलेली आहे. 'त्या मधल्या गोळ्यांनीच खरा गुण आला' असं सांगणारे रोगी मला दर आठवड्याला भेटतात. माणसाचं मन सांगतं ते खोटं नसतं. कशामुळे बरं वाटलं, हे त्याला आतून बघून कळत नाही, एवढंच.

इथून पत्रिकांकडे येतो, कारण न कळण्याचा हा प्रकार तिथे सगळ्यांत ठळक दिसतो. १९४८ साली लॉस एंजेलिसमध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्राच्या शिक्षकाने वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची एक स्वभावचाचणी घेतली. आठवड्याने प्रत्येकाला त्याच्या नावाचा स्वभाव-अहवाल दिला आणि पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी पडली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर दिलेला होता, आणि त्यातला बराचसा भाग रस्त्यावर मिळणाऱ्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. लोकांनी आपल्याला मानावं असं तुम्हाला वाटतं, बाहेरून शिस्तीचे दिसता पण आतून काळजी करता, अशी वाक्यं. याला कडक अर्थाने प्रयोग म्हणता येणार नाही, कारण दुसरा गटच नव्हता. ते प्रात्यक्षिक आहे. पण पुढच्या प्रत्येक प्रयोगाला त्याने एक अट घालून दिली: 'पत्रिका मला तंतोतंत लागू पडली' ही साक्ष ज्याची पत्रिका त्याच्याकडून घ्यायची नाही.

आता आपलं गाव. भारतीय ज्योतिर्गणिताची शून्य रेखांशाची रेषा उज्जैनवरून जाते असं आपले जुने ग्रंथ मानतात. वराहमिहिराचं नाव या अवंतीशी जोडलेलं आहे. सवाई जयसिंहाची वेधशाळा क्षिप्रेकाठी उभी आहे, ती मोडकळीला आली तेव्हा १९२३ साली माधवराव शिंदे महाराजांनी दुरुस्त करून घेतली, आणि त्या कामात गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखा मराठी ज्योतिर्विद होता. आज तिला आपण जीवाजी वेधशाळा म्हणतो. तिथलं शंकुयंत्र भर दुपारी जी सावली दाखवतं, ती कुठल्याही भाविकाला आणि कुठल्याही नास्तिकाला सारखीच दिसते. आणि त्याच गावात मंगलनाथाला देशभरातून मंगळाची पत्रिका असलेली मुलं-मुली भातपूजेला येतात. सावली मोजणारे आणि मंगळ शांत करणारे दोघेही आपल्याकडे 'ज्योतिष' हाच शब्द वापरतात. आपल्या मराठी घरांतून पंचांग दिवाणखान्यातल्या खिळ्याला आणि मुलांची टिपणं कपाटातल्या डब्यात असतात. आम्हा जैनांकडेही काही वेगळं नाही, मुहूर्त आम्हीही काढतो. तेव्हा हा विषय दुसऱ्या कुणाच्या घरचा नाही.

२००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं, आणि देशभर वाद झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००४ साली न्यायालयाने आयोगाच्या निर्णयात हात घातला नाही. दोन्ही बाजूंनी लेख, मोर्चे, भाषणं झाली. या सगळ्या गोंगाटात एका माणसाला वाटलं की भाषणापेक्षा चाचणी करून बघू. ते जयंत नारळीकर. कोल्हापुरात जन्म, पण वाढले बनारसला, वडील तिथे हिंदू विद्यापीठात गणित शिकवत. म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर वाढलेले मराठी. त्यांच्याबरोबर तिघे आले. पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर. आणि प्रकाश घाटपांडे, ज्यांनी आधी स्वतः ज्योतिष केलेलं होतं आणि नंतर त्याची चिकित्सा करायला घेतली. हा चौथा माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. पत्रिका कशी मांडतात, ज्योतिषी कुठे अडून बसेल, हे बाहेरच्याला कळत नाही.

चाचणीचा प्रश्न त्यांनी फार विचाराने निवडला. लग्न सुखाचं होईल का, नोकरी लागेल का, असलं काही नाही. 'सुख' कुणी मोजायचं? त्यांनी घेतली दोन टोकं. समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळांतून हुशार म्हणून गणलेल्या १०० मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या, आणि विशेष शाळांतल्या १०० मुलांच्या, ज्यांना तेव्हा मतिमंद म्हणत. (आज आपण हा शब्द वापरत नाही, आणि बरं झालं.) या दोन गटांतला फरक आईलाच काय, शेजाऱ्यालाही ठाऊक असतो. जन्मवेळेचे ग्रह बुद्धीबद्दल काही सांगत असतील, तर हा एवढा मोठा फरक तरी त्यांनी सांगायला हवा. दोनशे पत्रिका संगणकावर मांडल्या, त्यांना क्रमांक दिले, आणि कोणती कोणाची याची किल्ली विद्यापीठात सुरक्षित ठेवली. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या कोणत्याही ४० पाठवायच्या. प्रत्येक पत्रिकेपुढे एकच उत्तर लिहायचं: हुशार की नाही. यशस्वी ठरायला ४० पैकी निदान २८ बरोबर हवेत, हे आधीच ठरवलं.

मे २००८मध्ये पुण्यात पत्रकार परिषद घेऊन आवाहन केलं. ज्योतिषांच्या एका संघटनेकडून बहिष्काराची हाक आली. तरी ५१ जणांनी नावं नोंदवली आणि २७ जणांनी उत्तरं परत पाठवली. शिवाय एका ज्योतिषसंस्थेने सगळ्या २०० पत्रिका मागून घेतल्या.

निकाल सांगण्याआधी तुम्ही एक करा. खिशातलं नाणं ४० वेळा उडवा आणि छापे मोजा. वीसच्या आसपास येतील. दहापैकी सात वेळा उत्तर १७ ते २३च्या दरम्यान असेल. २४ किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात साधारण १३, आणि २८ किंवा जास्त येण्याची शंभरात जेमतेम एक. म्हणजे २७ माणसांनी नाणी उडवली तर त्यांतल्या तीन-चार जणांना २४ किंवा वर मिळायला हवेत, निव्वळ नशिबाने.

पुण्याच्या २७ ज्योतिषांत सगळ्यांत वरचा आकडा २४ होता, आणि तो एकालाच मिळाला. त्याखाली दोघांना २२. सगळ्यांची सरासरी ४६ टक्के. दोनशे पत्रिका घेणाऱ्या संस्थेची १०२ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ५१ टक्के. २८ कुणीही गाठले नाहीत. नारळीकरांनी हा सगळा हिशेब २००९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

४६ हा आकडा दाखवून काही लोक हसत म्हणतात, बघा, नाण्यापेक्षाही वाईट! हे म्हणणं मला आवडत नाही. त्याच दोनशे पत्रिका फिरून फिरून अनेकांकडे गेल्या होत्या आणि सगळे साधारण एकाच ग्रंथांतले नियम लावत होते, तेव्हा चुकाही एकत्रच होणार. पन्नासच्या थोडं खाली जाण्याला काही अर्थ चिकटवणं ही ज्योतिषाचीच सवय झाली. चाचणी एवढंच सांगते, की त्या पत्रिकांत हा फरक ओळखू येत नव्हता.

मानसशास्त्राच्या कोष्टकात ही चाचणी कुठे बसते? कोणतं मूल कोणत्या वेळी जन्मावं हे चौघांना ठरवता येत नव्हतं, म्हणून मुलांच्या बाजूने पाहिलं तर हा अर्धप्रयोग. पण खरी परीक्षा मुलांची नव्हतीच. परीक्षा होती ती पत्रिका वाचणाऱ्या माणसाच्या निर्णयशक्तीची, आणि कोणाला कोणत्या ४० मिळाव्यात हे चिठ्ठ्यांवर सोडलेलं होतं. त्या बाजूने ती चोख अंध चाचणी आहे. परदेशात याच्या जवळची चाचणी शॉन कार्लसन यांनी १९८५ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी ज्योतिषांना एक पत्रिका आणि तीन स्वभाव-अहवाल दिले, त्यांतला पत्रिकेचा मालक ओळखायला सांगितला. ज्योतिषांचा दावा होता निम्म्या वेळा ओळखू. ओळखले एक तृतीयांश, म्हणजे डोळे मिटून जेवढे ओळखता आले असते तेवढेच. मला आपली पुण्याची मांडणी अधिक सरळ वाटते. स्वभाव-अहवाल हा शेवटी कागदच, तोही चुकलेला असू शकतो. विशेष शाळेतलं मूल हा कागद नव्हे.

आता आक्षेप. एक, पालकांनी सांगितलेली जन्मवेळ पाच-दहा मिनिटांनी चुकलेली असेल. असेल. पण तुम्ही ज्योतिषाकडे घेऊन जाता ती वेळही पालकांनीच सांगितलेली असते, आणि तिच्यावर तो दक्षिणा घेतो. दोन, उत्तम ज्योतिषी त्यात आलेच नाहीत. शक्य आहे, उत्तरं पाठवणारे २७च होते, आणि न आलेल्यांबद्दल चाचणी काही बोलत नाही. तीन, नुसत्या पत्रिकेवरून सांगता येत नाही, माणूस समोर लागतो, प्रश्न विचारावे लागतात. हा आक्षेप मला सगळ्यांत रोचक वाटतो, कारण त्यात हान्स घोडा पुन्हा उभा राहतो. समोर बसलेली आई चेहऱ्याने, हाताने, गप्प राहण्याने जे सांगते, ते पत्रिकेत होतं की तिच्या मानेच्या हालचालीत? आणि हा आक्षेप न्यूरेंबर्गच्या आक्षेपासारखाच निकालानंतर जास्त जोरात येतो.

आधी आणि नंतर यातला फरक आमच्या घरात लहानपणीच शिकवतात. उपवासाचं पच्चक्खाण सकाळी घ्यायचं असतं, साक्षीने, शब्द उच्चारून. दिवसभर काही कारणाने खायला मिळालं नाही म्हणून संध्याकाळी 'आज माझा उपवासच होता' असं म्हणता येत नाही. अलीकडे मानसशास्त्रातले संशोधकही आपण काय मोजणार, कशाला यश म्हणणार, हे प्रयोगाआधी नोंदवून ठेवतात, कारण नंतर ठरवलं की मन सोयीचं तेवढंच निवडतं. ४० पैकी २८ हे नारळीकरांचं पच्चक्खाण होतं. (आमच्या स्याद्वादात संख्याशास्त्राचं बीज आहे असं प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली लिहिलेलं आहे. आमचे पंडित ते अभिमानाने सांगतात. पण 'स्यात्' म्हणजे 'काहीही चालेल' नव्हे, हेही सोबत सांगावं असं मला वाटतं.)

मग एवढं होऊनही लोक पत्रिका का दाखवतात? इथे मला नैसर्गिक प्रयोगाचं एक उदाहरण द्यायचं आहे, आणि तेही आपल्याच देशातलं. १५ जानेवारी १९३४ला बिहार-नेपाळचा मोठा भूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा केल्या, त्याही अशा भागातून जिथे धक्का जोरात जाणवला होता पण पडझड झाली नव्हती. अपेक्षा काय करू आपण? लोक एकमेकांना धीर देत असतील. प्रत्यक्षात अफवा होत्या त्या आणखी भयंकर गोष्टींच्या. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार, २६ फेब्रुवारीला प्रलय होणार. पुढे १९५०च्या सुमारास दार्जिलिंगला दरडी कोसळून खरोखर हानी झाली, तेव्हा दुर्गानंद सिन्हा यांनी तिथल्या अफवा टिपल्या. तिथे पुढच्या संकटांच्या अशा भाकितांना ऊत आलेला नव्हता. हे भूकंप आणि या दरडी कुणी घडवून आणल्या नव्हत्या, गट निसर्गाने पाडले होते, आणि अफवा टिपणाऱ्यांनी त्या टिपल्या. अमेरिकेतल्या लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७च्या आपल्या ग्रंथात या नोंदींचा अर्थ असा लावला: ज्यांचं काहीच पडलं नव्हतं पण भीती मात्र अंगात भरली होती, त्यांना त्या भीतीला शोभेलसं कारण हवं होतं. प्रलयाच्या भाकिताने ते पुरवलं.

माझ्या दवाखान्यात हे मी रोज बघतो. ज्या घरात मूल उशिरा बोलतं, चालतं, त्या घरातली आई औषधाआधी पत्रिकेबद्दल बोलते. कुणीतरी तिला सांगितलेलं असतं, चंद्र बिघडलेला आहे, गुरूचं बळ नाही. तिची भीती आधीपासूनच होती, तिला पत्रिकेने नुसतं नाव दिलं. इथवर मी ज्योतिषाला दोष देत नाही. पण पुढचं वाक्य असतं 'अमुक वर्षी गुरू बदलला की सुधारेल', आणि त्या वाक्यावर दोन-तीन वर्षं जातात. कान तपासायचे राहतात, थायरॉईड तपासायचं राहतं, बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्टकडे जायचं राहतं. लहान मुलाची ती दोन-तीन वर्षं पुढे कोणत्याही पोटेन्सीने परत आणता येत नाहीत. पुण्याच्या दोनशे पत्रिकांतल्या शंभर याच मुलांच्या होत्या. २७ अनुभवी माणसांना त्या पत्रिका पाहून ही मुलं ओळखता आली नाहीत. म्हणजे त्या आईला पत्रिकेत आधीच लिहिलेलं होतं असं जे सांगितलं जातं, ते मूल समोर बसल्यावर वाचलेलं असतं. यावर मी तरी आईला एवढंच सांगतो, की पत्रिका डब्यात राहू द्या आणि मुलाला आज कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.

नारळीकर २० मे २०२५ला पुण्यात गेले. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला खून झाला. ज्यांनी ज्योतिषांना शिव्या न देता त्यांच्या हातात ४० पत्रिका ठेवल्या आणि 'सांगा' म्हटलं, त्या चौघांतले दोघे आता नाहीत. चाचणी मात्र कुणालाही पुन्हा करता येण्यासारखी आहे.

म्हणून मंडळापुढे एक गोष्ट ठेवतो. आपल्याकडे लग्न ठरवताना ३६ गुणांपैकी १८ जुळावे लागतात. याची चाचणी कशी करावी? सोपं वाटतं: सुखी जोडपी घ्या, मोडलेली लग्नं घ्या, गुण मोजा. पण इथे फार मोठा खड्डा आहे. १८च्या खालची बरीच स्थळं आपण आधीच परत पाठवलेली असतात. म्हणजे दोन्ही गटांत जुळलेलेच लोक उरतात, आणि फरक दिसला नाही तर पद्धत खोटी की गाळणीच आधी लागलेली, हे सांगता येणार नाही. शिवाय मुलगी पसंत पडल्यावर 'पत्रिका जुळवून आणणारे' गुरुजीही आपल्याला ठाऊक आहेत, त्यामुळे कागदावरच्या जन्मवेळेवरही फार भरवसा नको. यातून वाट एकच दिसते. ज्यांनी पत्रिका न बघता लग्न केलं, अशी जोडपी आपल्या घरांतून आता भरपूर आहेत, प्रेमविवाहांची तर दुसरी पिढी आली. त्यांच्या जन्मवेळा पत्रिकेवरून घ्यायच्या नाहीत, रुग्णालयाच्या किंवा पालिकेच्या दाखल्यावर वेळ असेल तेवढीच घ्यायची. पंचवीस वर्षं टिकलेली आणि पहिल्या पाचांत तुटलेली, अशी दोनच टोकं धरायची, 'सुख' विचारायचं नाही. नावं काढून क्रमांक द्यायचे, आणि किल्ली मंडळाबाहेरच्या कुणा संख्याशास्त्राच्या शिक्षकाकडे ठेवायची. गुण मोजायला गावातल्याच पंचांगकर्त्यांना बोलवायचं, आणि किती जोड्या, किती गुणांचा फरक पडला तर त्यांचं म्हणणं खरं मानायचं, हे त्यांच्याच सहीने आधी लिहून घ्यायचं. आपल्या सभासदांतून अशी साठ-सत्तर तरी जोडपी निघतील असा माझा अंदाज आहे. तुटलेल्यांची नावं मिळवणं कठीण जाईल, आपल्याकडे ती कुणी सांगत नाही. त्यासाठी पत्रव्यवहार माझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर ठेवला तरी चालेल. लोकांच्या गोष्टी कपाटात बंद ठेवायची मला सवय आहे.